आधी ‘बरोबर’

नाही नाही, ताई, खालून नका सुरू करू, वरून घ्या — वर गिऱ्हाइकांची नावं आहेत, रंगांचे नंबर आहेत, बघण्यासारखं आहे. खालच्या त्या चौकोनांत काय ठेवलंय! चौकोनच म्हणतात ना? सेल? आमच्या दुकानात सेल म्हटलं की लोक रांग लावतात हो — असो. नीट बसा, त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा दिलाय मी. चहा येतोच आहे. मुलानं कम्प्युटरवरची ही शीट तपासायला तुम्हाला बोलावायचं ठरवलं तेव्हा मी म्हटलं, कशाला परक्या माणसाला त्रास — पण ऐकतोय थोडाच! हे सगळं त्याच्या बायकोनं बनवलेलं, तिच्यावर बालंट आलं म्हटल्यावर — बालंट म्हणजे तसं नव्हे हो, चूक कुठेतरी झालीच ना.

आमचं काम काय — रंग, आणि आता फरशीवर ओतायचं ते रेझिन. डबा उघडायचा, वजनाच्या हिशोबानं हार्डनर घालायचं, चाराला एक, ढवळायचं, ओतायचं — फरशी आरशासारखी. हार्डनर कमी पडलं की संपलं, ते कधीच वाळत नाही, चिकट ते चिकटच. सूनबाईनं इथं असं बसवलं की वर डब्याचं वजन टाका, खाली हार्डनर आपसूक येतं. झकास चाललं होतं. मग त्या नृत्यशाळेची फरशी केली. नृत्यवाल्या बाई इथे, या काउंटरपाशी आल्या — हातात एकच सँडल. दुसरी फरशीनं ठेवून घेतलेली! म्हणाल्या, ‘‘शेठ, नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझ्या मुलींना नाचता येतं हो, तुमचं अंगणच पाय सोडत नाही!’’ गिऱ्हाइकं हसली. मीसुद्धा हसलो. मग मुलानं कारागिराला विचारलं, हार्डनर किती घातलंस? तो म्हणाला, शीटमध्ये होतं तेवढं. झालं — सगळ्यांच्या माना सूनबाईकडे. ती म्हणाली, ‘‘बाबा, माझंच काहीतरी चुकलं असेल.’’ आणि मी काय केलं? पाणी प्यायलो. तहान नव्हती, तरी अख्खा पेला.

तिनं दुकानाच्या किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. आदळल्या नाहीत हो, ठेवल्या — आदळल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता सोमवारपासून कुठल्याशा गोदामात नोकरीला जाणार म्हणते. हे दुकान तिच्याशिवाय — तिनं इथे काय काय उभं केलंय, तुम्हाला कल्पना नाही. घरात अबोला वगैरे नाही बरं का. जेवायला वाढते, ‘‘बाबा, अजून घ्या’’ म्हणते — त्या ‘अजून घ्या’नंच मी हात धुवायला उठतो.

हे काय करताय, एकेका चौकोनावर टिचकी मारून वरच्या पट्टीत काय बघताय? हां — आत सूत्र आहे की कुणी नुसता आकडा कोंबलाय, ते. ठाऊक आहे मला. सूनबाईनंच शिकवलंय — ‘‘बाबा, आधी ‘बरोबर’ची खूण करायची, दोन आडव्या रेघा, मगच ते हिशोब करतं.’’ मी म्हटलं, अगं, जन्मभर मी आधी उत्तर काढलं आणि मग बरोबर म्हटलं, हे तुझं उलटंच! हसली होती. शाळा मी अर्धवट सोडली, ताई, पण तोंडी हिशोबात — एक विक्रेता कॅल्क्युलेटर काढेपर्यंत मी त्याला उत्तर सांगून, चहा पाजून, वाटेला लावला होता. आता बास झालं की, किती बघाल? पुढं काही नाही हो, पुढं आपलं ते साडेचार आहे आणि — काय? मी कुठं म्हटलं साडेचार? तुम्ही तिथवर पोचलाच नाहीत?

बघा मग. मारा टिचकी त्यावर. नाही ना खूण? नागडा आकडा. सगळ्या शीटमध्ये तेवढाच.

तेव्हा डबा साडेसतरा किलोचा यायचा. इथं दाखवलं चार पूर्णांक तीनशे पंचाहत्तर. आता सांगा, आमच्या काट्याला हे कळतं? मी म्हटलं, झुकतं माप द्यावं, आपलं काय जातंय — साडेचार लिहिलं, एंटर मारलं. मला वाटलं, मशीनला मदत केली! आणि चाललं की, फरश्या वाळल्या. मग डबा पंचवीसचा झाला. तिनं इमानानं वर पंचवीस टाकलं, आणि खाली माझं साडेचार ढिम्म. सव्वासहा हवं होतं. हे मला आत्ता नाही कळलं, ताई — त्या सँडलकडे बघता बघताच कळलं. म्हणून तर पाणी प्यायलो.

तुम्ही असं करा — तिथं सूत्र घाला परत, आणि मुलाला सांगा, मशीननंच काहीतरी... नाही? नको. असं बघू नका हो, वयानं मोठा आहे मी तुमच्यापेक्षा.

पावलं तिचीच. चहा पाठवून दे म्हटलं होतं, स्वतः घेऊन आली. ठेव, सूनबाई, इथं ठेव. ताई, तुम्ही तुमचा कप उचला आणि बाहेर बसा — तिथली खुर्ची सरळ आहे. नाही, ते बंद नका करू, तो चौकोन तसाच उघडा राहू द्या. ये गं, बस. तिथं नाही, माझ्या जागेवर. वर पट्टीत बघ. आकडा नको वाचूस, त्याच्या आधी काय नाहीये ते सांग.

ताई, जाताना दार ओढून घ्या.