गुणाबाईंच्या निरोपाला पाऊण तास उशीर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय नानाजी, मंचावर बसलेल्या आपल्या सरपंच केसरबाई, सत्कारमूर्ती गुणाबाई नागापुरे, आमच्या कोसा रेशीम केंद्रातल्या सगळ्या बाया आणि सावली गावापासून चालत आलेल्या मंडळींनो,

कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू होतोय. पत्रिकेवर तीनची वेळ मीच छापली होती. नानाजींनी आत्ता माझ्या कानात विचारलं, "व्यवस्थापक साहेब, घड्याळ बंद पडलं काय?" कारण सांगतो, पण शेवटी. आधी या भोंग्याची शिटी कोणीतरी बंद करा. झिंगूभाऊ, काय करून राह्यले तुम्ही तिथं? सकाळी दोनदा बजावलं होतं!

हां. तर असा माझा स्वभाव. या केंद्रात मी ज्याच्यावर ओरडलो नाही असा एक माणूस दाखवा. शहाऐंशीच्या दिवाळीनंतर ओरडता ओरडताच मी चक्कर येऊन पडलो. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर मोजलं आणि म्हणाले, "राग सोडा, नाही तर घरच्यांना तयारीला लागायला सांगा. रोज पंधरा मिनिटं ध्यान करा." आता ध्यान एकट्यानं करील तो व्यवस्थापक कसला? मी आदेशच काढला. साडेदहाला घंटा होईल, सगळ्यांनी डोळे मिटायचे, मन एकाग्र करायचं. हजेरीचं रजिस्टरसुद्धा ठेवलं. हसू नका हो.

पहिल्याच दिवशी चार मिनिटांत गुणाबाई बोलल्या, "साहेब, कोसे थंडे होऊन राह्यले."

"गप्प बसा."

"पण साहेब..."

"गप्प बसा म्हटलं ना!" शांततेसाठी मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरच्या ऐनाच्या झाडावरचे कावळे उडाले.

इथल्या लेकराला ठाऊक आहे ते या साहेबाला ठाऊक नव्हतं. राखेच्या पाण्यात उकळलेला कोसा ओला, कोमट आहे तोवरच सुखानं धागा देतो. त्या दिवशीचे सगळे कोसे आखडले. बायांनी ते पुन्हा उकळायला टाकले, मी मात्र दिवसभर बोललो. दोन आठवडे हाच तमाशा. डोळे मिटले की बाकीच्यांनी मिटलेत की नाही याचीच मला काळजी. ध्यान करून उठलो की मी आधीपेक्षा जास्त भडकायचो. काय करावं माणसानं, सांगा?

शेवटी वैतागून मी गुणाबाईंच्या पाटाजवळ जाऊन बसलो. पाच कोशांची टोकं चिमटीत धरून त्या मांडीवर पीळ देत होत्या. धागा तुटला, जोडला. पुन्हा तुटला, पुन्हा जोडला. कपाळावर आठी म्हणून नाही. मी विचारलं, "बाई, तुम्हाला राग येतच नाही का?"

"येते ना. काऊन नाई येणार?"

"मग त्याचं करता काय?"

"काई नाई करत. तो येते, जाते. मी धाग्याकडं पायतो. ओढला का तुटते, सोडला का गुतते. येते तसा येऊ द्याचा. तुमी तं साहेब श्वासालेई मेमो द्याले बसता."

अख्खं केंद्र हसलं. मला संताप आला, आणि त्याच संतापात मी ते रजिस्टर कपाटात कोंबलं. त्यानंतर रोज दुपारी धाग्याची तपासणी म्हणून मी त्या पाटाजवळ बसत आलो. बायांनो, तपासणी कसली आली? मी नुसता बसायचो. तुम्हाला ते कळत होतं, हे मलाही कळत होतं. पुढच्या मार्चमध्ये प्रेशर इतकं उतरलं की डॉक्टरांनी मशीन बिघडलं समजून ते दोनदा मोजलं.

आणि आता ही बाई जाते म्हणते! गुणाबाई, तुम्हाला बारीक धागा दिसत नाही, कुरखेड्याला दिलेली लेक न्यायला आली आहे, सगळं मान्य. पण मी कुठं बसू? परवा हेच मी त्यांना ओरडून विचारलं. त्या म्हणाल्या, "पाट इथीच ठेवून जातो. मन लागलं तं बसा, नाई लागलं तं नका बसू."

आज दोन वाजता खुर्च्या, हार आणि भोंगा या तिन्हींवर ओरडून झाल्यावर मी त्या पाटावर टेकलो. पँट गुडघ्यावर सारली, पाच कोसे घेतले. तुटला, जोडला. किती वेळा, ते मोजलं नाही. मान वर केली तेव्हा पावणेचार झाले होते आणि सगळा गाव दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. झिंगूभाऊ मला हलवायला निघाले, तर गुणाबाईंनी त्यांचा हात धरला होता म्हणे. म्हणाल्या, "थांबा जरासे. धागा चालू हाय त्याहिचा."

बाई, हाच तो धागा. गाठीच जास्त आहेत. शालीबरोबर हाही ठेवून घ्या.

नानाजी, उशिराची माफी आजवर मी दुसऱ्यांना मागायला लावत आलो, आज स्वतः मागतो. आपण सगळे ताटकळत थांबलात, आपले आभार. रागाच्या भरात अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला.

भोंगा परत शिटी मारून राह्यला. असू द्या, झिंगूभाऊ. मारू द्या त्याला.