किल्ल्यात दिलेली ओ

इतिहास माणसाला हाक मारतो, असं म्हणतात. बल्लारपूरच्या किल्ल्यात त्यानं धनराजला मारली आणि धनराज ‘ओ’ देऊन बसला. परतीच्या पॅसेंजरमध्ये समोरच्या बाकावरच्या नाहीदबाईंना हे कळलं, कारण धनराजच्या बायकोचा, इंदुताईंचा, आवाज डब्याला पुरेल एवढा होता.

“भुयारात कोनी नव्हतं, तरी ओ दिली. काऊन?”

“मले वाटलं, तूच बोलावून राह्यली.”

“मी? लग्नापासून तुमचं नाव घेतलं का कधी?”

“आवाज तुझाच होता पन.”

“म्हनूनच तं! चकवा आपल्याच मानसाच्या आवाजात बोलावते. तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नाई. आता तो मांगंमांगं येते.”

त्यांचं उतरायचं स्टेशन, मूल, आलं. फलाटावर अंधार होता.

“धनराज!” बाहेरून हाक आली.

“मोठा भाऊ घ्याले आला वाटते. चाल, उतरू.”

“चुप बसा! तिसरी येऊ द्या.”

“अरे धनराज!”

दोघं श्वास रोखून बसले. नाहीदबाईंनीही रोखला. तिसरी हाक आली नाही. गाडी सुटली. खिडकीतून नाहीदबाईंना मोटरसायकलपाशी उभा एक माणूस दिसला. तो फोन लावत होता.

धनराजचा फोन वाजला.

“उचलू नोका,” इंदुताई म्हणाल्या.

पुढचं स्टेशन राजोली होतं.