टेबलातली शेगडी

हॅलो?… हो, मीच. बोल छोटे… अगं, हळू बोलतेय कारण आईकडेच आहे. ती आत भाजी निवडतेय, मी बाहेरच्या खोलीत… हो, गेलो होतो ना काल. दादा, वहिनी, आई आणि मी… कसं होतं म्हणून विचारूच नकोस!

नाही, तू आधी ऐक. दादाला आईला काय सांगायचं होतं? की आता तुझा स्वयंपाक बंद. गेल्या महिन्यात दूध ठेवून विसरलीस, पातेलं जळलं, पडदा पेटता पेटता राहिला. तर सोमवारी शेगडी उचलतो आणि डबा लावतो. बरोबर?… आणि हे सांगायला नेलं कुठे? टेबलातच शेगडी असलेल्या हॉटेलात!… अगं खरंच! टेबलाला मधोमध खड्डा, त्यात निखारे, वर जाळी. आपणच भाजायचं, आपणच खायचं, आणि वर त्यांचे आभार मानायचे!… हस, हस. तुला लांबून हसायला काय जातंय?

वहिनीने शोधलं. दुसरं कोण? म्हणे, वातावरण फार छान आहे… डोंबलाचं वातावरण! डोळ्यांत धूर, कपड्यांना वास. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस, म्हणून चार वेटर टाळ्या पिटत आले गायला. ना सूर, ना ताल. टाळी एकीकडे, गाणं दुसरीकडे. गाताना एकाच्याही चेहऱ्यावर आनंद नाही गं! मन नसेल तर माणसाने गाऊ तरी कशाला?

आई? आई खूश! तीस वर्षं वसतिगृहात दीडशे पोरींचा स्वयंपाक केलेली बाई ती. निखारे बघितले आणि बाह्या वर सारल्या. आमच्या हातातल्या सळया काढून घेतल्या, चिमटा उचलला. 'मका असा भाजतात होय रे? आधी मंद आच!'… दादा? तो तीन दिवस भाषण पाठ करत होता. 'आई, मला जरा…' म्हणाला, की तोंडात मशरूम. 'आई, सोमवारी…' की अननसाची फोड. 'आई, तुझ्याच भल्यासाठी…' की ढोबळी मिरची, तीही कढत! एवढा ऑफिसात साहेब, आणि गाल फुगवून बसलाय.

वहिनी माझ्या कानात म्हणते, 'बघा, ऐकूनच घेत नाहीत.' म्हटलं, शेगडीसमोर बसवून शेगडी सोड म्हणताय, ऐकेल कशी?

हो, हो… अगं ऐक ना! भांडण नाही झालं. झालं ते वेगळंच.

मधेच आई बोलायची थांबली. हातात चिमटा तसाच. जाळीवर मक्याचे तुकडे काळे पडत चाललेत आणि ती नुसती बघतेय. पुढे काय करायचं, तेच सुटलं बघ तिच्या डोक्यातून… आम्ही? आम्ही तिघं ढिम्म.

मग तिने वेटरला हाक मारली. मिशीवाला, आपल्या दादाच्याच वयाचा गृहस्थ. त्याला म्हणाली, 'भाऊ, आचेकडे जरा तुम्ही बघाल का? मला आता लक्षात राहत नाही.'

…हॅलो? आहेस ना?… हो. असंच म्हणाली. आम्हाला नाही, त्याला. महिनाभर आपल्याला 'मला काही धाड भरलेली नाही' म्हणून ठणकावणारी बाई, आणि त्या परक्या माणसाला…

त्याने? 'बघतो की, आई' म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. ती 'कमी' म्हणाली, की निखारे बाजूला सारायचा. काही बोलली नाही, तरी सारायचा. बाकी सगळं तीच करत होती. चिमटा शेवटपर्यंत तिच्या हातात. आणि आपण शहाणे, चिमटाच काढून घ्यायला निघालो होतो!

आता रडतेस कशाला?… 'डबाच लावा' असं तूही म्हणालीस की गेल्या आठवड्यात… हो गं बाई, मीही मान डोलावली होती. मोठी अक्कल आपली! तिघांची मिळून त्या मिशीवाल्याच्या नखाएवढी नाही.

नाही, शेगडी कुठेही जात नाही. सकाळीच दादाला सांगितलं… तो काय म्हणणार? 'रोज तू उभी राहणार आहेस का?' म्हणे. म्हटलं, राहीन. शिलाई मशीन उद्या इकडेच आणते. गिऱ्हाइकांना कपडे वेळेवर मिळाल्याशी मतलब… आईला? अजून नाही सांगितलं. कसं सांगू, तेच जुळवत…

थांब, थांब… हाक मारतेय… काय गं आई?… छोटे, ऐकलंस? 'शेगडी पेटवू का?' म्हणून विचारतेय. मला! जन्मात कधी कुणाला विचारलं नाही हिने…

ठेवते गं, ठेवते… आले, आई! पेटव तूच. मी आहे उभी.