यंत्रमागांच्या खडखडाटातली बॉक्सिंग

मित्रांनो, शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. आठवीत शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

मी ज्या जपानी बॉक्सिंग कॉमिकचा वेडा आहे, ते माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. त्याचा ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिकाही मी पुन्हा पुन्हा बघतो. त्यातला हिरो माझ्यासारखाच लाजाळू. रिंगमध्ये जाताना घाबरतो, पण जातो. हे मी फक्त कारखान्यात माझ्या शेजारच्या मागावर काम करणाऱ्या नरसय्यामामांना सांगायचो, तेही हातवारे करून. यंत्रमागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकूच येत नाही.

परवा मामांच्या नाकासमोर ठोसे मारत मी त्यांना लढत दाखवली. हिरो कोसळला, एवढं दाखवून झालं आणि मालक आले. त्यांनी सगळे माग बंद केले.

"म्हाताऱ्यावर हात उचलतोस व्हय? चल, नीघ हितनं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काम गेलंच, असं वाटलं.

मामाच बोलले, "मालक, थांबा की जरा. पोरगं खाली पडलंय. उठतंय का न्हाय, तेवढं कळू द्या."

"कुठलं पोरगं?" म्हणत मालक घाबरून मागाखाली वाकून बघायला लागले.

सगळे हसले. मग मामांनी त्यांना हिरोची गोष्ट सांगितली. मालक ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी मलाच विचारलं, "मग? उठतंय का?"

"उठतंय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो आणि माग सुरू व्हायच्या आधी पुढची फेरी सगळ्यांना तोंडाने सांगितली.