नसलेल्या पित्ताशयाचं ऑपरेशन

तुम्ही मला भित्री म्हणता ना, मग हे ऐकाच. पोटात दुखायचं म्हणून जळगावला सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी यंत्र तीनदा फिरवलं आणि विचारलं, "पित्ताशय कधी काढलं?" मी दचकून उठूनच बसले. "काढलंच नाही!" त्यांनी माझ्या पोटावर टाक्यांची खूण शोधली, मग आईला आत बोलावलं. आई थेट शिंदखेड्याच्या बोलीत कडाडली, "मन्ही पोरनं काहीच ऑपरेशन व्हयेल नई!" शेवटी त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, "पित्ताशय आक्रसलेलं, खडे असावेत."

तो रिपोर्ट घेऊन मामा मला धुळ्याला त्यांच्या ओळखीच्या सर्जनकडे घेऊन गेले. सर्जन म्हणाले, "सोमवारी काढून टाकू." मी चाचरत म्हटलं, "सर, जळगावच्या डॉक्टरांना ते दिसलंच नव्हतं. आधी एमआरआय करू या का?" मामांनी माझ्यावरच डोळे वटारले. "ओळखीच्या डॉक्टरला तू तपासण्या सांगतेस?" पण मी हट्टच धरला.

एमआरआयमध्ये पित्तनलिका व्यवस्थित दिसल्या. पित्ताशय मात्र कुठेच नव्हतं. जन्मापासूनच नाही! सर्जन हसत म्हणाले, "अशी माणसं असतात. त्याच्यावाचून काही अडत नाही. दुखण्यावर गोळ्या देतो."

माझं डोकंच फिरलं. "मग सोमवारी काय काढणार होतात?"

"ते पोटात शिरल्यावर कळलंच असतं की."

मी रागानं उठून उभी राहिले, तर मामा मलाच म्हणतात, "ऑपरेशन टळलं ना? पाया पड साहेबांच्या!"

आणि मी मूर्ख, पडले!