रामपायलीचा पाटा, कुफ्रीचा उतार

तुमी बर्फाच्या गोष्टी सांगून राह्यले, पण आमच्या शांतावहिनीले पाहाले पाह्यजे होतं! माझा दोस्त वामन, त्याची बायको. वामन्याच्या डोक्यात भरलं, शिमल्याजवळ कुफ्रीले जाऊ आन् पायाले फळ्या बांधून बर्फावर घसरू. राहाले धरमशाळा, खाले घरचा चिवडा, सारं स्वस्तात जमलं. शिकवणारा मास्तर तेवढा महाग होता.

"मंग शिकूनच जाऊ ना," वहिनी म्हणे.

"बालाघाटात बर्फ कुठं हाय?" मी म्हटलं.

"चिखल त हाय!"

पावसाळ्यात, धान रोवण्याच्या दिवसात तिनं आमाले रामपायलीले माहेरी नेलं. बांधीतला, म्हंजे धानाच्या वावरातला, चिखल सारखा कराले बैलांमागं लाकडी पाटा ओढतेत, त्याच्यावर माणूस उभा राह्यते. वहिनी पदर खोचून चढली.

"गुडघे नरम ठेवा भाऊजी, नजर समोर!"

आमी दोघं चिखलात लोळलो. ती पूर्ण बांधी फिरून आली.

हिवाळ्यात कुफ्रीले गेलो. आमी दोघं उभं राह्यताच आपटलो. वहिनी लुगड्यावर वामन्याचा कोट घालून अशी सुसाट निघाली का तिथला मास्तर पाहतच राह्यला.

"बहनजी, रुकिए!" थो ओरडला.

वहिनीनं बैल थांबवाचा सूर लावला, "होऽ! हो रे राजा, होऽऽ!" आन् सरळ खालच्या बर्फाच्या ढिगात घुसली.

आमी धावलो. कोट झटकत ती हासून म्हणे, "भाऊजी, उभं राहाचं माह्या अंगात होतं. थांबाचं काम त बैलाचं होतं ना!"