पाडायचा ओटा

तुमचे ते पुरस्कार ठेवा बाजूला, मी एक ओटा कसा वाचवला ते ऐका.

तिसगावला मुलींच्या वसतिगृहाचा नकाशा माझा होता. आईबाप ऊसतोडीला गेले की त्या पोरींना गजबजलेलं अंगणच उरत नाही, म्हणून मी मधोमध, कडुलिंबाभोवती, ऐसपैस ओटा काढला. तो बांधून झाला आणि संस्थेचे अध्यक्ष आबा भडकले.

"म्याडम, वसतिगृह हाय का चावडी? पोरी शिकाया येनार, गप्पा हानाया न्हाई. पाडा त्यो! तिथं आनखी दोन खोल्या बसत्यात."

पाडायच्या दिवशी आबा जातीनं हजर. त्यांच्यासाठी मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या. आबा तिकडं फिरकलेच नाहीत, थेट ओट्यावर मांडी घालून बसले. त्यांना बघून बाजाराला निघालेले दोघं आत वळले, मागून मास्तर आले, चहा आला. कुणाच्या लेकीचं स्थळ, कुणाच्या विहिरीचं पाणी, सगळे विषय निघाले. मिस्त्री बिचारा घन घेऊन उन्हात ताटकळत उभा.

शेवटी तोच म्हणाला, "म्याडम, करू का सुरू?"

मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "करा की! फक्त आबा उठले, की मग पाडा."

आबांनी बशीतला चहा सावकाश संपवला, मिस्त्रीकडं बघितलं आणि म्हणाले, "ठिव त्यो घन. तू बी बस, चा घे."

आज तिथं दोन ओटे आहेत. दुसरा आबांनी स्वतः सांगून फाटकाबाहेर बांधून घेतला. पहिल्यावर पोरी त्यांना जागाच देत नाहीत.